सहीला भाव, चित्राचं काय?

छापील चित्र चौकटीत घालून भिंतीवर लावायची सवय देशाला लावण्यात घाटकोपरचाही थोडा हात आहे. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये काढलेला शिळाछापखाना लोणावळ्याजवळच्या मळवलीला जाण्याआधी काही काळ इथे होता. एकेका रंगासाठी वेगळा दगड, एकावर एक छाप, आणि शेवटी बाहेर पडायची ती लक्ष्मी किंवा सरस्वती. तिच्यावर ना प्रतीचा क्रमांक असे, ना पेन्सिलीची सही. जितक्या घरांत ती जाईल तितकी ती यशस्वी. १९७२ मध्ये मळवलीच्या छापखान्याला आग लागली. त्यानंतरही अंधेरी ते मुलुंडच्या घरांतून कॅलेंडरं आणि तसबिरी हटल्या नाहीत.

त्याच उपनगरांत गेल्या काही वर्षांत छापील चित्रांचे वेगळे शौकीन दिसतात. त्यांच्या भिंतीवर दुसऱ्या महायुद्धातलं स्पिटफायर विमान असतं, लँकेस्टर असतं, क्वचित मेसरश्मिट. खाली पांढऱ्या समासात चित्रकाराची सही, शेजारी दोन-तीन म्हाताऱ्या वैमानिकांच्या थरथरत्या सह्या, आणि ‘२१२/५००’ असा काहीतरी आकडा. हे लोक फार नाहीत, पण जे आहेत ते हट्टी आहेत. त्यांचा शौक आला कुठून, हे शोधायला फार लांब जावं लागत नाही. ‘कमांडो’ ही स्कॉटलंडच्या डंडी शहरातून १९६१ पासून निघणारी खिशात मावणारी युद्धकथामाला इथल्या रद्दीच्या दुकानांत आणि भाड्याने पुस्तकं देणाऱ्या वाचनालयांत वर्षानुवर्षं फिरली. आतली चित्रं काळी-पांढरी, पण मुखपृष्ठ रंगीत, आणि त्यावर इयान केनेडीसारख्या चित्रकाराचं विमान असलं की ते अंगावर यायचं. प्लॅस्टिकच्या जुळणीच्या विमानांची खोकी ही दुसरी शाळा. एअरफिक्सच्या खोक्यांवरची रॉय क्रॉसची चित्रं आतल्या मॉडेलपेक्षा सरस असत. मॉडेल मोडायचं, खोकं मात्र कपाटावर राहायचं. डोक्यावरून सांताक्रूझला उतरणारी विमानं होतीच.

म्हणजे या संग्राहकांची नजर मुखपृष्ठांनी आणि खोक्यांनी घडवलेली आहे. यात कमीपणा काही नाही. पण पुढे जे घडलं ते समजून घ्यायला ही गोष्ट लक्षात ठेवावी लागते.

विमानचित्रांचा आजचा व्यापार उभा राहिला तो १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून, इंग्लंडात. बाथ गावचा रॉबर्ट टेलर हा त्यातला सर्वांत मोठा माणूस. त्याच्या मोठ्या कॅनव्हासवरून ऑफसेटने ठरावीक प्रती छापायच्या आणि त्या युद्धात खरोखर लढलेल्या वैमानिकांकडून समासात सह्या घ्यायच्या, ही कल्पना तुफान चालली. डग्लस बेडर, जॉनी जॉन्सन यांच्यासारखी नावं तेव्हा हयात होती. पुढे जर्मन वैमानिकांच्याही सह्या त्याच समासात येऊ लागल्या; एकमेकांवर गोळ्या झाडलेली माणसं एका कागदावर शेजारी बसली. टेलरच्या मागोमाग निकोलस ट्रजियन आणि इतर कित्येक जण आले.

टेलर चांगला चित्रकार आहे. त्याचे ढग बघावेत. विमान कुठल्या उंचीवर आहे, दिवस किती वाजता मावळतोय, खालचं शेत ओलं आहे की कोरडं, हे तो पंखावरच्या उजेडावरून सांगतो. मात्र त्याच्या शैलीची नक्कल करणाऱ्यांनी एक ठरीव साचा केला: पुढे तीन-चतुर्थांश कोनातलं विमान, मागे धूर सोडत पडणारं शत्रूचं, खाली इंग्लिश खाडी, पश्चिमेला तांबडं आभाळ. रिव्हेट मोजून काढलेले, स्क्वाड्रनची अक्षरं अचूक, इंजिनाच्या धुराचे डाग जिथल्या तिथे. माणूस मात्र काचेच्या घुमटाखाली एक तपकिरी ठिपका. युद्ध आहे, पण कुणी भाजत नाही.

याच युद्धाचं दुसरं चित्रही उपलब्ध होतं. पॉल नॅशने १९४०-४१ मध्ये ‘टोटेस मेअर’ रंगवलं. ऑक्सफर्डजवळ पाडलेल्या जर्मन विमानांचा भंगारढीग, चांदण्यात गोठलेल्या समुद्रासारखा. रिव्हेट मोजणाऱ्याला त्यात काही सापडणार नाही. फ्रँक वूटन हा या दोन टोकांच्या मधला. ब्रिटिश हवाई दलाने त्याला १९४४ मध्ये युद्धचित्रकार म्हणून फ्रान्सला नेलं आणि पुढे तो भारत-ब्रह्मदेश आघाडीवरही आला. त्याच्या चित्रांत चिखल आहे, ताडपत्री आहे, उन्हात इंजिन उघडून बसलेले मेकॅनिक आहेत. माझ्या मते या प्रकारातली सर्वांत टिकाऊ चित्रं त्याचीच. बाजार मात्र टेलरच्या साच्यामागे गेला, आणि त्याला कारण चित्र नव्हतं, सही होती.

इथे या शौकाची खरी कमजोरी आहे. ताम्रपटावरून किंवा कोरीव ठशावरून छापताना ठसा झिजतो, म्हणून पहिल्या प्रती जास्त स्पष्ट येतात आणि कमी क्रमांकाला अर्थ असतो. ऑफसेटमध्ये क्रमांक तीन आणि क्रमांक चारशे तीन यांत डोळ्यांना काहीही फरक नसतो. तरीही ‘आर्टिस्ट्स प्रूफ’ म्हणून बाजूला काढलेल्या प्रतींना वेगळा भाव लागतो. त्यातली खरी हाताची गोष्ट एकच, ती म्हणजे ‘रिमार्क’: समासात चित्रकाराने पेन्सिलीने काढलेलं छोटं मूळ रेखाचित्र. बाकी किंमत सह्यांची, आणि सह्यांची किंमत सही करणाऱ्याच्या मृत्यूबरोबर वाढेल या हिशेबाची. हे स्पष्ट शब्दांत कुणी बोलत नाही, पण जाहिरातीत ‘हयात असलेल्या शेवटच्या काहींपैकी’ असं लिहिलं की सगळ्यांना कळतं. आता तर जिक्ले या इंकजेट छपाईने कॅनव्हासवर हवी तेव्हा एक प्रत काढता येते. मर्यादित आवृत्तीची मर्यादा केवळ प्रकाशकाच्या शब्दावर उभी आहे.

डेव्हिड शेफर्डची गोष्ट इथे सांगायलाच हवी. हा आधी विमानंच काढायचा. १९६० मध्ये ब्रिटिश हवाई दलाने त्याला केनियात नेलं, तर तिथल्या अधिकाऱ्यांनी सांगितलं, विमानं नकोत, ती आम्ही रोज उडवतो. इथलं काहीतरी काढ. त्याने गेंडा काढला आणि पुढे जन्मभर हत्ती-वाघांचा चित्रकार म्हणून नाव कमावलं. विमान भिंतीवर हवं असतं ते बहुधा न उडवणाऱ्यांना.

आपल्याकडच्या संग्राहकाने निदान आपल्या गावाचा धागा तरी धरावा. तो आहे. ब्रिटिश हवाई दलाच्या १३२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचं नावच ‘सिटी ऑफ बॉम्बे’ होतं. स्पिटफायर उडवणाऱ्या या तुकडीचं नेतृत्व १९४४ मध्ये जेफ्री पेजकडे होतं. १९४० च्या ऑगस्टमध्ये हरिकेनमध्ये होरपळलेला, कित्येक शस्त्रक्रियांनंतर पुन्हा उडणारा माणूस. नॉर्मंडीनंतर ही तुकडी सिलोनला आली. पेजच्या सह्या बऱ्याच प्रिंटांवर सापडतात, आणि मुंबईकराने स्पिटफायर घ्यायचंच तर या तुकडीचं घ्यावं. ‘ब्रिस्टल बॉम्बे’ नावाचं एक बेढब मालवाहू विमानही होतं. ७ ऑगस्ट १९४२ रोजी त्यातून जाणारा ब्रिटिश जनरल गॉट मारला गेला आणि त्याच्या जागी माँटगोमेरी आला. सांताक्रूझचा विमानतळही युद्धकाळात ब्रिटिश हवाई दलाचाच तळ होता. आणि १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये फुटलेल्या ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजावर दारूगोळा, कापूस आणि सोन्याबरोबर पेट्यांत भरलेली स्पिटफायरही होती. न उडताच जळालेली ती विमानं कुणी रंगवलेली माझ्या पाहण्यात नाहीत.

जपणुकीबद्दल थोडं कडक बोलावं लागेल, कारण इथे पैसा पाण्यात जातो, तोही अक्षरशः. हजारो रुपयांची प्रिंट आणून देवाच्या तसबिरी आणि पदवीची प्रमाणपत्रं मढवणाऱ्या फ्रेमवाल्याकडे टाकली, की तो सवयीने ती पुठ्ठ्यावर चिकटवतो, कडा कापून ‘फिटिंग’ नीट करतो आणि काच थेट कागदावर बसवतो. चिकटवलं की संग्रहमूल्य गेलं. कडा कापल्या तर सह्याच गेल्या. काच आणि कागद यांत माउंटची जागा नसेल तर पहिल्याच पावसाळ्यात कागद काचेला चिकटतो. बोरिवलीच्या बाहेरच्या भिंतींना जून ते सप्टेंबर जी ओल येते तिच्यावर चित्र टांगणं म्हणजे बुरशीला आमंत्रण. आम्ल नसलेला माउंट बोर्ड, आतली भिंत, मागे हवा खेळायला थोडं अंतर, इतकं पुरतं. दुपारचं ऊन येणाऱ्या हॉलमध्ये लावलं तर पिवळा आणि किरमिजी रंग आधी उडतात आणि संध्याकाळचं तांबडं आभाळ निळसर होऊन बसतं. पेन्सिलीची सही तेवढी टिकते. बाजाराचा न्याय भिंतीवरही लागू होतो.

पण या शौकाबद्दलची माझी मोठी तक्रार वेगळी आहे. आपल्याकडे लढलेले वैमानिक आहेत, लढाया आहेत, चित्रकारही आहेत; प्रिंट नाहीत. सीमेपलीकडे पाकिस्तानी हवाई दलाला ग्रुप कॅप्टन हुसैनींसारखा चित्रकार मिळाला आणि त्यांच्या चित्रांतून त्या दलाच्या स्मृतीला एक रूप आलं. आपल्याकडे निवृत्त ग्रुप कॅप्टन देब गोहाईं यांनी भारतीय विमानांची चित्रं काढली. पण अशी चित्रं मेसच्या भिंतीवर, स्मरणिकेत किंवा लष्करी टपालाच्या विशेष पाकिटावर येऊन थांबतात. अंधेरीतल्या माणसाला चांगल्या कागदावर, क्रमांकासह, सहीसह विकत घ्यायची झाली तर टेलरचं स्पिटफायर मिळवणं जास्त सोपं.

२२ नोव्हेंबर १९७१ ची बोयऱ्याची झुंज घ्या. मॅसी, गणपती, लाझारस, सुआरिस यांची चार नॅट विमानं आणि समोर पाकिस्तानची सेबर. दोन सेबर पडली आणि त्यातून उडी मारलेला परवेझ मेहदी कुरेशी पुढे पाकिस्तानी हवाई दलाचा प्रमुख झाला. टेलरच्या साच्यालाही यापेक्षा चांगला प्रसंग मिळणार नाही. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ‘विक्रांत’ या युद्धनौकेवरून उडालेली सी हॉक विमानं कॉक्स बाजारवर गेली. ते जहाज पुढे कित्येक वर्षं मुंबईत संग्रहालय म्हणून उभं होतं. उपनगरांतल्या शाळांच्या सहली तिथे गेल्या, आणि २०१४ मध्ये ते भंगारात निघालं.

आणि रमेश सखाराम बेनेगल. पोरवयात आझाद हिंदतर्फे वैमानिक व्हायला जपानला गेलेले, पुढे भारतीय हवाई दलात आलेले, १९७१ मध्ये १०६ स्क्वाड्रनचे प्रमुख. त्यांची कॅनबेरा विमानं शत्रूच्या प्रदेशावरून छायाचित्रं घेऊन यायची, आणि त्या कामगिरीसाठी त्यांना महावीर चक्र मिळालं. यात धुराचा लोट नाही, पडणारं विमान नाही. एकटं विमान, खाली पसरलेला मुलूख आणि पोटात कॅमेरा. साच्यात न बसणारा हा विषय एखाद्या वूटनला मिळायला हवा होता. बेनेगल २००३ मध्ये गेले, तेव्हा त्यांच्या सहीची प्रिंट आता होणे नाही. १९७१ मध्ये पंचविशीत असलेले वैमानिक मात्र आज ऐंशीच्या घरात आहेत, आणि त्यातले काही पुण्या-मुंबईतच राहतात.