परकीय निधी आणि नागरी संघटनांचे स्वातंत्र्य : इथिओपियाचा अनुभव

इथिओपियाच्या २००९ च्या कायद्याने, १० टक्क्यांहून अधिक परकीय निधी घेणाऱ्या संस्थांना मानवी हक्क, स्त्री-पुरुष समता व न्यायव्यवस्था या क्षेत्रांत काम करण्यास मनाई केली. परिणामी अनेक संस्था हक्कांचे काम सोडून सेवाकार्याकडे वळल्या. देणगीदारांचे प्रकल्प चालू राहिले. मात्र अन्यायाविरुद्ध दाद मागणारा आवाज क्षीण झाला. युरोपीय संघाच्या नागरी समाज निधीस देशांतर्गत निधी मानले गेले. तथापि ही सवलतही शासनाच्या मर्जीवरच अवलंबून होती. २०१९ च्या कायद्याने ही मर्यादा उठविली, तरी मूळ प्रश्न उरतोच. सभासदांच्या वर्गणीचा आधार नसलेली संस्था निधी अडविताच निष्प्रभ होते. म्हणून परकीय साहाय्याचे यश पूर्ण झालेल्या प्रकल्पांपेक्षा प्रतिकूल काळात टिकून राहिलेल्या संघटनांवरून जोखणे अधिक न्याय्य ठरेल.