रॉकवेलच्या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा?

स्टीलवर काम केलेला एम.टेक.चा कुठलाही प्रबंध उघडून बघा. प्रयोगपद्धतीच्या प्रकरणात एक वाक्य हमखास सापडेल : ‘नमुन्यांचे काठिण्य रॉकवेल यंत्रावर मोजले व पाच नोंदींची सरासरी घेतली.’ बस्स. पुढे तक्ता, तक्त्यात ५७.४३ असले आकडे आणि त्यावर दोन पानं चर्चा. माझ्या पहिल्या अहवालातही हेच वाक्य होतं. म्हणून आज टीका या वाक्यावर आहे, आणि थोडी यंत्रावरही.

आधी यंत्राचं श्रेय त्याला देऊ. १९०० साली स्वीडनच्या ब्रिनेलने १० मिलिमीटरचा गोळा ३००० किलोग्रॅम-बलाने दाबून राहिलेल्या खळग्याचा व्यास मोजायची पद्धत मांडली. ओतीव भागांसाठी ती उत्तम आहे. पण बेअरिंगच्या कडक केलेल्या छोट्या रिंगवर एवढा मोठा खळगा परवडत नाही, शिवाय स्टीलचा गोळा स्वतःच चपटा होतो. अमेरिकेत कनेटिकटमधल्या बेअरिंगच्या कारखान्यात काम करणाऱ्या ह्यू आणि स्टॅन्ली रॉकवेल यांनी १९१४ मध्ये वेगळ्या यंत्राच्या पेटंटसाठी अर्ज केला. पेटंट १९१९ मध्ये मिळालं. खळग्याचा व्यास नाही, खोली मोजायची. सूक्ष्मदर्शक नको, गणित नको, आकडा थेट डायलवर.

सी स्केलवर काय होतं ते नीट बघा. १२० अंशांचा हिऱ्याचा शंकू आधी १० किलोने टेकतो. तिथे डायल लावायची. मग आणखी १४० किलो, म्हणजे एकूण १५०. थोडं थांबून ते १४० काढायचे आणि परत १० किलोवर असतानाच वाचायचं. यात मोठी हुशारी आहे. पूर्ण भाराखाली यंत्राची चौकट ताणली जाते, पण भार काढल्यावर ती पूर्ववत होते. त्यामुळे तिचा ताण आकड्यात फारसा येत नाही.

पण जे पूर्ववत होत नाही, ते सगळं येतं. एक एचआरसी म्हणजे २ मायक्रॉन. केसाची जाडी ७० मायक्रॉन धरली, तर हा तिचा पस्तिसावा भाग. शंकू स्टीलमध्ये २ मायक्रॉन जास्त शिरला, की नमुनाच खाली २ मायक्रॉन बसला, हे डायलला कळत नाही. दोन्हीला ती ‘मऊ’ म्हणते.

मला हे कसं कळलं? ईएन ३१ चे नमुने होते, कडक करून टेम्पर केलेले. एक गट ६० देत होता, दुसरा ५७. मी खूश! जास्त रिटेन्ड ऑस्टेनाइट राहिलं असणार, असा परिच्छेदही लिहून टाकला. यंत्र मी तपासलं होतं. टेस्ट ब्लॉकवर आकडा बरोबर येत होता. लॅबमधल्या मामांनी नमुना उचलला, उलटा केला आणि विचारलं, “मॅडम, खालची बाजू घासलीत का?” नव्हती घासली. वरून ग्राइंडिंग केलेलं, खाली भट्टीतली खपली तशीच. एमरी पेपरवर घासून परत लावला, तर आकडा ६०. तीन एचआरसी म्हणजे ६ मायक्रॉन खपली दबली होती, आणि मी तिच्यावर सिद्धांत रचत होते.

आता त्या वाक्याचे दोष बघा.

पहिला, ‘पाच नोंदींची सरासरी’. सरासरीने वर-खाली होणाऱ्या चुका एकमेकींना खातात. खपली, बर किंवा ॲन्व्हिलवरची धूळ दबली, तर आकडा फक्त खालीच जातो. अशा पाच चुकांची सरासरी म्हणजे चूकच.

दुसरा, दशांश चिन्हानंतरचे दोन अंक. जी डायल तुम्ही जेमतेम अर्ध्या एककापर्यंत वाचता, तिच्यातून ५७.४३ कुठून आलं? कॅल्क्युलेटरमधून!

तिसरा दोष सगळ्यात मोठा : न सांगितलेलं. टेस्ट ब्लॉक यंत्राची साक्ष देतो, तुमच्या नमुन्याची नाही. ब्लॉकचा तळ गुळगुळीत असतो; तुमच्या नमुन्याचा आहे का, हे वाचणाऱ्याला कसं कळणार?

मग काय लिहायचं? स्केल, नमुन्याची जाडी (शंकूसाठी खोलीच्या निदान दहापट), दोन्ही बाजूंची तयारी, ब्लॉकवरचा आकडा आणि प्रत्येक नोंद. निष्कर्ष दोन-तीन एचआरसीच्या फरकावर उभा असेल, तर त्याच नमुन्यावर व्हिकर्सही घ्या. तिथे ठशाचे कर्ण मोजतात, त्यामुळे नमुना थोडा बसला तरी तितकं बिघडत नाही. ६० एचआरसीला साधारण ६९७ व्हिकर्स, ५७ ला ६३६. फरक लपणार नाही. मात्र हा आकडा रूपांतराच्या तक्त्यातून उचलू नका. तक्ता म्हणजे दुसरं मोजमाप नव्हे, पहिलीच चूक नव्या एककात.

आणि जमलं तर यंत्र उघडलेलं बघा. आपल्याकडे मिरज-इचलकरंजी भागात ही यंत्रं बनतात. तरफा, वजनं, स्क्रू, ॲन्व्हिल हे सगळं एकदा हाताळलं, की डायलवरचा आकडा कुठून कुठून येतो ते लक्षात राहतं.

यंत्र वाईट नाही. ते विचारलं तेवढंच सांगतं. नमुना उलटा करून बघणं हे आपलं काम.