चेंबरमध्ये अवकाश मावतं का?

जेम्स वेब दुर्बिणीवरचे लोकप्रिय लेख वाचलेत, तर २०१७च्या ह्यूस्टनमधल्या चाचणीबद्दल एक वाक्य हमखास भेटतं: 'दुर्बीण अवकाशासारख्याच परिस्थितीत तपासली.' वाक्य खोटं नाही, पण अर्धवट आहे. रिसर्चमध्ये येऊ पाहणाऱ्यांनी ते तसंच गिळू नये.

नासाच्या जॉन्सन केंद्रात अपोलोच्या काळात बांधलेला 'चेंबर ए' आहे. वेबचे आरसे आणि उपकरणं त्यात सुमारे १०० दिवस होती. आतली हवा काढलेली, भोवती द्रव नायट्रोजन आणि थंड हेलियम वापरून गार केलेली आवरणं. मध्येच हार्वी वादळ आलं, शहरात पूर आला, तरी चाचणी चालूच राहिली. कौतुक व्हायलाच हवं.

नुसता मोठा फ्रीजर का चालत नाही? कारण हवा स्वतःच उष्णता इकडून तिकडे नेते. हवा गेली की उष्णतेला दोनच वाटा उरतात: प्रारण आणि सुट्या भागांच्या जोडांमधून होणारं वहन. अवकाशात हेच होतं.

आता लेखांत काय सुटतं ते बघा. टेनिस कोर्टएवढी पाच पदरी सूर्यढाल त्या चेंबरमध्ये नव्हतीच. ढाल उघडलेल्या अवस्थेत अख्खी दुर्बीण अशी कधीच तपासली गेली नाही. शिवाय गुरुत्वाकर्षण पंपाने काढता येत नाही.

मग भरवसा कशावर ठेवला? संगणकातल्या औष्णिक मॉडेलवर. चेंबरमध्ये मोजलेली तापमानं मॉडेलशी ताडून बघतात, मॉडेल दुरुस्त करतात, आणि जे तपासता आलं नाही त्याचा अंदाज त्यावरून बांधतात. म्हणजे चाचणीतून फक्त 'पास' असा शिक्का मिळत नाही, तर तपासून घेतलेलं मॉडेलही मिळतं. लेखांत चेंबरच्या अजस्र दाराचा फोटो असतो, मॉडेलचा मात्र उल्लेखही नसतो. माझी तक्रार हीच आहे.

हा काही शब्दांचा कीस नाही. हबल १९९० मध्ये कक्षेत गेल्यावर दर फेरीत ऊन-सावली बदलताना तिची सौर पॅनेल वाकायची आणि दुर्बीण थरथरायची. १९९३ मध्ये अंतराळवीरांनी ती बदलली. वेब १५ लाख किलोमीटरवर आहे, तिथे दुरुस्तीला कोण जाणार?

म्हणून कुठल्याही चाचणीबद्दल वाचताना दोन प्रश्न विचारा: चेंबरबाहेर काय राहिलं? आणि यातलं मोजलेलं किती, गणिताने काढलेलं किती? पेपर वाचायची सुरुवात इथूनच होते.