रेगे-गीताचा आस्वाद आणि ध्वनिसंवेदी श्रोता

संगीताच्या आस्वादाची चर्चा करताना श्रोत्याचा कान सर्वत्र एकसारखाच असतो, असे समीक्षेने बहुधा गृहीत धरलेले दिसते. अभिनवगुप्ताच्या 'सहृदया'चे मन काव्यानुशीलनाने आरशासारखे निर्मळ झालेले असते. त्याच्या कानाविषयी मात्र काहीच सांगितलेले नाही. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल या तत्त्वांवर आधारलेली लय हे सौंदर्याचे गमक मानले आणि तिचे अधिष्ठान संवेदनेत शोधले. तथापि ही संवेदना कोणाची, हा प्रश्न त्यांच्या विवेचनात उपस्थित होत नाही. ज्या श्रोत्याला भांड्यांचा खणखणाट किंवा कागदाची सळसळदेखील असह्य होते, त्याच्यापुढे एखादे गीत ठेवले की हा प्रश्न टाळता येत नाही. जमेकात 1960 नंतरच्या दशकाच्या अखेरीस उदयास आलेले रेगे संगीत या दृष्टीने विशेष उद्बोधक ठरते.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. सामान्य पातळीचा आवाजही मोठा किंवा वेदनादायक वाटणे, ही 'हायपरअक्यूसिस' नावाची अवस्था होय. विशिष्ट ध्वनींनी, उदाहरणार्थ दुसऱ्याच्या चघळण्याच्या आवाजाने, तीव्र उद्वेग उत्पन्न होणे ही अवस्था निराळी असून तिला जास्त्रेबॉफ दांपत्याने 2001 मध्ये 'मिसोफोनिया' हे नाव दिले. पहिल्या अवस्थेत ध्वनीची तीव्रता महत्त्वाची असते, तर दुसरीत ध्वनी कोणता आहे याला महत्त्व असते. प्रस्तुत विवेचनात मुख्यतः पहिल्या प्रकारचा श्रोता अभिप्रेत आहे. अशा श्रोत्याला केवळ मोठा आवाज त्रास देतो असे नव्हे. अकस्मात येणारा, आधी चाहूल न देणारा आवाज त्याला बहुधा अधिक जाचतो. 'संवेदनशील कानासाठी मृदू संगीत' हे जे सरधोपट समीकरण मांडले जाते, ते म्हणूनच अपुरे आहे.

रेगेची तालरचना पाहिली म्हणजे या अपुरेपणाची प्रचीती येते. चार मात्रांची मोजणी धरली, तर 'वन ड्रॉप' या प्रकारात पहिली मात्रा मोकळी राहते आणि ढोलाचा मुख्य आघात तिसरीवर पडतो. गिटारचे तुटक, कोरडे ठोके दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर येतात. समेवर येऊन विसावण्याची सवय असलेल्या आपल्याकडील श्रोत्याला येथे समेच्या जागीच खाली आल्यासारखे वाटेल. (साम्य येथेच संपते, तीनतालातील नववी मात्रा आवर्तनाच्या मध्यावर खाली असते, आरंभी नव्हे.) जेथे आघाताची अपेक्षा करावी तेथे तो नाही, हा विरोध, पण ही पोकळी प्रत्येक वेळी ठरल्या ठिकाणीच येते, हा संवाद. ध्वनिसंवेदी श्रोत्याच्या दृष्टीने रेगेचे सामर्थ्य या नियमित पोकळीत आहे. पुढचा आघात केव्हा येणार हे कानाला आधीच कळलेले असते आणि दोन आघातांमध्ये त्याला अवसर मिळतो. गिटारचा ठोका स्वभावतः तीक्ष्ण आहे. तो सुसह्य होतो तो त्याच्या नेमकेपणामुळे.

मात्र या श्रोत्याची खरी अडचण वेगळीच आहे. त्रास टाळण्यासाठी तो आवाज कमी करतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे, आवाजाची पातळी खाली आली की मानवी कानाची खर्जाविषयीची ग्रहणशक्ती मधल्या सप्तकांपेक्षा पुष्कळ अधिक घटते. रेगेचा सारा डोलारा बास गिटारवर उभा आहे. अ‍ॅस्टन बॅरेट यांच्या वादनात बास साथीला राहत नाही. गीताची चाल बहुतांशी तोच वाहतो. आवाज उतरवताच हा खर्ज प्रथम लोपतो आणि मागे उरतात ते गिटारचे कोरडे ठोके, झांजेची किणकिण आणि गायकाचे ऊष्म वर्ण, म्हणजे नेमके तेच ध्वनी, ज्यांच्यापासून सुटका हवी होती. कमी आवाजात तेच गीत लहान होऊन ऐकू येते, हा समज येथे खोटा ठरतो. ऐकू येते ते भुई काढून घेतलेले एक निराळेच गीत. किंग्स्टनच्या ध्वनिक्षेपक-मेळाव्यांत हाच खर्ज अंगावर घेतला जात असे, हे ध्यानात घेतले म्हणजे हा श्रोता कशाला मुकतो ते कळते.

या दृष्टीने बॉब मार्ली यांच्या 'नो वूमन, नो क्राय' या गीताची दोन ध्वनिमुद्रणे तुलनेस घेण्याजोगी आहेत. पहिले 1974 च्या 'नॅटी ड्रेड' या संग्रहातील, दुसरे जुलै 1975 मध्ये लंडनच्या लायसियम सभागृहात प्रत्यक्ष मैफलीत झालेले. गीतकार म्हणून नाव आहे ते ट्रेंचटाउनमध्ये अन्नछत्र चालवणाऱ्या व्हिन्सेंट फोर्ड यांचे. रसिकांनी आणि बाजारानेही कौल दिला तो दुसऱ्या मुद्रणाला. 1984 च्या 'लेजंड' या संकलनात तेच समाविष्ट झाले. त्याची लय अधिक संथ आहे, ऑर्गनचे स्वर लांबवलेले आहेत आणि गायक आरंभ करण्यापूर्वीच श्रोतृवर्ग ध्रुवपद गाऊ लागतो. या सामूहिक स्वराने गीताला जी व्यापकता येते, तिचे कौतुक यथार्थच आहे.

परंतु ध्वनिसंवेदी कानाला हा समुदाय एकजिनसी वाटत नाही. एकत्र गायिलेले ध्रुवपद तालात बांधलेले आहे आणि म्हणून सह्य आहे. मधूनच उठणाऱ्या आरोळ्या आणि टाळ्यांचा भडिमार मात्र कोणत्याच मात्रेवर येत नाही. सामान्य श्रोता ज्याला वातावरण म्हणतो, ते अशा श्रोत्याला पहाऱ्यावर उभे करते. 1974 चे मुद्रण तुलनेने कोरडे, लहान आणि काहीसे घाईचे आहे. त्यात विस्तार नाही हा आक्षेप मान्यच केला पाहिजे. पण त्यात अनपेक्षित असे फारसे काही घडत नाही.

असे असूनही लायसियमचे मुद्रण या श्रोत्यासाठी त्याज्य ठरवणे उतावीळपणाचे होईल. सरकारी घरांच्या सामाईक अंगणातील जुन्या दिवसांची आठवण काढून रडणाऱ्या स्त्रीला धीर देणे, हा गीताचा आशय आहे. सारे ठीक होईल, हे आश्वासन त्यात अनेकवार येते, आणि मैफलीत तर ते पुष्कळच लांबते. अर्थावर दृष्टी ठेवणाऱ्या टीकाकाराला ही पुनरुक्ती कंटाळवाणी वाटण्याचा संभव आहे. ध्वनिसंवेदी श्रोता मात्र याच भागात सैलावू शकतो, कारण पुढील प्रत्येक आवर्तनात काय येणार हे त्याला ठाऊक झालेले असते आणि शब्दांनी दिलेले वचन ताल प्रत्यक्ष पाळत असतो. गीतातील आश्वासन हे तालरचनेतच सिद्ध होते, केवळ शब्दांत नव्हे, ही गोष्ट निरोगी कानाच्या टीकाकाराला सहसा जाणवत नाही. त्याला त्या आश्वासनाची तितकी गरजच भासलेली नसते.

ही व्यक्तिगत प्रकृतीची बाब आहे, वैद्यकाचा विषय आहे, समीक्षेचा नव्हे, असा आक्षेप यावर घेतला जाईल. तो अंशतः खरा आहे. कोणाचा कान दुखतो यावरून गीताची प्रत ठरत नाही. परंतु खर्जावाचून गीत कोसळते, पोकळ मात्रेने आघात पेलला जातो, पुनरुक्तीने वचन पाळले जाते, ही विधाने गीताच्या रचनेविषयी आहेत आणि कोणत्याही कानाने ती पडताळून पाहता येतात. एवढेच की, ज्याला त्यांचा प्रत्यय प्रथम आला, त्याला तो सुखासुखी आलेला नाही.