गिलियड आणि मराठी माजघर

मार्गारेट ॲटवूड यांच्या 'द हँडमेड्स टेल' (१९८५) या कादंबरीतील गिलियड हे धर्मराज्य सामान्यतः भविष्याचे भयचित्र म्हणून शिकविले जाते. इतिहासात कोठेच घडले नाही असे काहीही या कादंबरीत घातलेले नाही, असे लेखिकेने अनेकदा सांगितले आहे. हे विधान पडताळण्यासाठी मराठी वाचकास दूर जावे लागत नाही. हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक'मधून क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली.

दोन्ही निवेदने स्त्रीची, प्रथमपुरुषी आणि दिनक्रमात रुतलेली आहेत. गिलियडमध्ये स्त्रियांना वाचनाची बंदी आहे. दुकानांच्या पाट्यादेखील चित्रांच्या. यमूच्या सासरी असा लेखी नियम नाही, तथापि नवऱ्याने तिला शिकवावे हाच गुन्हा ठरतो. रमाबाई रानडे यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०) या आत्मकथनातही त्यांच्या शिकण्यावरून छळ करतात त्या घरातील स्त्रियाच. ॲटवूड यांच्या 'आंट्स' वर्गात अनेकांना अतिरंजित वाटतात. माजघर आठवल्यास तसे वाटू नये. 'ऑफ्रेड' म्हणजे फ्रेडची. यमुना कुर्लेकर १८७३ मध्ये विवाहानंतर रमा झाल्या, आणि नाव बदलणे हा तर मंगलविधी होता.

भेद मात्र महत्त्वाचा आहे. गिलियडला सैनिक, हेर आणि प्रेते टांगण्याची भिंत लागते. आपट्यांच्या पुण्यात राज्य इंग्रजांचे होते आणि विधवाविवाह १८५६ पासून कायदेशीर होता. तरीही यमूचे केशवपन बळजबरीने होते. सिंहासनावाचून चालणारी ही धर्मसत्ता असल्यामुळे आपट्यांची वास्तववादी कादंबरी ॲटवूड यांच्या कल्पितापेक्षा अधिक अस्वस्थ करते. या सत्तेला हात मात्र इतरांचे लागत. १८९० मध्येच नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या न्हाव्यांनी विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला. आपट्यांच्या चर्चेत या घटनेचा उल्लेख क्वचितच आढळतो.

ॲटवूड यांच्या उपसंहारात २१९५ सालच्या परिषदेतील प्राध्यापकास निवेदिकेच्या यातनांपेक्षा तिचा 'कमांडर' नेमका कोण होता यातच अधिक रस आहे. परिसंवादांना सरावलेल्या वाचकाने हा भाग सावकाश वाचावा.

तुलनेची मर्यादाही नोंदविली पाहिजे. यमूचे दुःख सार्वत्रिक नव्हते. कर्जत तालुक्यात राजमाचीच्या पायथ्याशी असलेल्या कोंडाण्याच्या डोंगरपट्ट्यातील ठाकर आणि कातकरी समाजांत विधवेचा पुनर्विवाह रूढ होता. त्यामुळे तेथील स्त्रीचे जिणे सुखाचे झाले असे नव्हे. पाणी, लाकूडफाटा आणि सावकार यांचे जाच निराळे होते. आपट्यांच्या कादंबरीला त्यांचा पत्ता नाही. गिलियडही कृष्णवर्णीयांना 'चिल्ड्रन ऑफ हॅम' म्हणून दूर हलविते, आणि वाचकाला ते कळते दूरचित्रवाणीवरील एका बातमीतून.