पंधरा टक्के कुणाचे? अँटीडिप्रेसंट बंद करण्यावरचा एक पेपर वाचताना

'पेट' झाली, गाईड मिळाले की पहिल्या सेमिनारला तुमच्या हातात हमखास एखादं मेटा-अॅनालिसिस येतं. आपण अॅबस्ट्रॅक्टमधला आकडा उचलतो, स्लाइडवर मोठ्या अक्षरात टाकतो आणि पुढे जातो. आज अशाच एका आकड्यापाशी थोडं थांबूया, कारण तो आकडा वाचून कुणीतरी गोळी बंद करतं.

पेपर आहे २०२४ चा, 'लॅन्सेट सायकिअॅट्री'मधला, हेन्स्लर आणि सहकाऱ्यांचा. प्रश्न साधा आहे: अँटीडिप्रेसंट बंद केल्यावर किती जणांना त्रास होतो? चक्कर, मळमळ, चिडचिड, भयंकर स्वप्नं, डोक्यात करंट लागल्यासारखे झटके, असा हा त्रास. ७९ अभ्यास, २१,००२ माणसं. औषध बंद केलेल्यांपैकी साधारण ३१ टक्के लोकांना किमान एक लक्षण जाणवलं. गंमत म्हणजे साधी खोटी गोळी, म्हणजे प्लासिबो, बंद केलेल्यांपैकीही १७ टक्के लोकांना जाणवलं! वजाबाकी करून लेखक म्हणतात, औषधामुळे होणारा त्रास साधारण १५ टक्के, आणि तीव्र त्रास सुमारे २.८ टक्के.

आधी चांगलं ते सांगतो. प्लासिबोशी तुलना केली हे फार महत्त्वाचं. २०१९ मध्ये डेव्हिस आणि रीड यांनी हाच आकडा ५६ टक्के काढला होता, पण त्यात ऑनलाइन सर्वेक्षणं मिसळलेली होती. अशी सर्वेक्षणं भरतो कोण? ज्याला त्रास झाला तोच जास्त. त्यामुळे ५६ वर टीका झाली, आणि ती योग्यच होती.

पण आता १५ कडेही त्याच नजरेने बघा. पहिला प्रश्न: या माणसांनी गोळी किती दिवस घेतली होती? समाविष्ट अभ्यासांपैकी बऱ्याच ठिकाणी काही आठवडे किंवा काही महिने. औषधाच्या चाचण्याच तेवढ्या लांबीच्या असतात. पाच-सात वर्षं रोज गोळी घेणारा माणूस त्यांत क्वचितच सापडतो. म्हणजे १५ टक्के हे उत्तर चुकीचं नाही, ते वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे. दुसरा प्रश्न: लक्षणं विचारून नोंदवली, की रुग्णाने आपणहून सांगितली तेवढीच? 'डेस' नावाच्या यादीत ४३ लक्षणं आहेत. यादी वाचून विचारलं तर आकडा फुगतो, न विचारलं तर आटतो. दोन्ही प्रकार एका टोपलीत टाकून सरासरी काढली, तर त्या सरासरीचा अर्थ काय लावायचा?

दीर्घकाळ गोळी घेणाऱ्यांसाठी मला 'अँटलर' ही ब्रिटनमधली चाचणी जास्त कामाची वाटते (२०२१, 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'). ४७८ माणसं, सगळ्यांना बरं वाटत होतं आणि गोळी थांबवावी का असा विचार करत होती. ५२ आठवड्यांत गोळी चालू ठेवलेल्यांपैकी ३९ टक्के, तर बंद केलेल्यांपैकी ५६ टक्के लोकांचं नैराश्य परत आलं. निष्कर्ष सरळ वाटतो ना? आता मेथड्स उघडा. (मेथड्स न वाचता डिस्कशनवर उडी मारणाऱ्यांनो, तुमच्यासाठीच लिहितोय.) बहुतेकांची गोळी पहिल्या महिन्यात निम्मी, दुसऱ्या महिन्यात तीच निम्मी दिवसाआड, आणि तिसऱ्या महिन्यापासून शून्य. विथड्रॉवलमध्येही झोप उडते, रडू येतं, बेचैनी होते. मग ५६ पैकी किती जणांचा आजार परतला आणि किती जणांना गोळी सुटण्याचा त्रास झाला? पेपर हे दोन धागे पुरते वेगळे करू शकत नाही. तरीही, बंद केलेल्यांतले ४४ टक्के वर्षभर ठीक राहिले, हेही त्याच तक्त्यात आहे.

वेग का महत्त्वाचा, हे हॉरोविट्झ आणि टेलर यांनी २०१९ मध्ये मांडलं. सिटालोप्रामचे २० मिलिग्रॅम मेंदूतले सुमारे ८० टक्के सेरोटोनिन ट्रान्सपोर्टर व्यापतात. ९ मिलिग्रॅमलाही ७० टक्के व्यापलेले असतात. म्हणजे डोस निम्म्याहून कमी केला तरी फरक फक्त १० टक्क्यांचा. पण साधारण ५ मिलिग्रॅमवरून थेट शून्यावर आलात तर ६० टक्क्यांची दरी! जिन्याच्या वरच्या पायऱ्या बुटक्या आणि शेवटची पुरुषभर उंच, असं काहीसं. म्हणून शेवटी डोस फार बारीक-बारीक कमी करावा, असं ते म्हणतात. मला हा तर्क पटतो, पण तो मुख्यतः स्कॅनच्या आलेखावर उभा आहे. याच पद्धतीच्या मोठ्या यादृच्छिक चाचण्यांचं पाठबळ अजून हवं. आवडत्या पेपरलाही हीच फुटपट्टी लावा.

आता हे सगळं पैठणला आणून बघा. मानसोपचारतज्ज्ञासाठी पन्नासेक किलोमीटरवर संभाजीनगर गाठायचं, म्हणजे एसटी आणि दिवसाचा खाडा. घरात कुणीतरी म्हणतं, 'किती दिवस खाणार? सवय लागेल.' मग स्ट्रिप संपते ती संपतेच. चार दिवसांनी चक्कर आणि रडू सुरू झालं की घरचे म्हणतात, 'बघ, आजार उलटला.' असा माणूस ना १५ टक्क्यांत मोजला जातो, ना ५६ मध्ये. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाच्या १२ राज्यांत तर महाराष्ट्रच नव्हता. (तुमच्या घरी कुणी गोळी घेत असेल तर ती मनाने बंद करू नका, डोस कमी करायचा तो डॉक्टरांना विचारूनच. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे.)

विषय शोधत असाल तर इथे काम पडलंय. ती ४३ लक्षणांची यादी मराठीत करायची झाली, तर शब्दांपासूनच सुरुवात करावी लागेल. करंट लागल्यासारखा झटका आपल्याकडचा माणूस कसा सांगेल? 'डोक्यात झिणझिण्या', 'मस्तकात वीज', की नुसतं 'कसंतरी होतंय'? आणि ओपीडीच्या कागदावर त्याचं काय लिहिलं जातं, चक्कर, घबराट, की आजार परतला?