काडतुसांचा हिशेब

मोशी म्हणतांच आमच्या वाचकांच्या डोळ्यांपुढें पुणें-नाशिक रस्त्यावरचें, इंद्रायणीकांठचें गांव उभें राहील. परंतु मोशी नांवाचें दुसरें एक गांव टांझानियांत, किलिमांजारो पर्वताच्या पायथ्याशीं आहे; आणि त्या बाजूच्या माळरानांवर हिंडलेल्या शिकाऱ्यांनीं इंग्रजींत एक स्वतंत्र वाङ्मयच निर्माण केलें आहे. या दोन मोशींची गांठ आमच्या मनांत पडली ती अशी. आपल्या मोशीच्या प्रदर्शन-केंद्रांत फेब्रुवारी २०२४ मध्यें संरक्षण-सामग्रीचें प्रदर्शन भरलें होतें. जवळच्या खडकीस तर १८६९ पासून काडतुसांचा कारखाना आहे. अशा मुलुखांत काडतूस ही वस्तु अपरिचित नाहीं; परंतु तिच्याविषयीं आपण विचारतों तो प्रश्न बहुधा एकच: हिचा जोर किती? याच प्रश्नाभोंवतीं रचलेला एक नामांकित ग्रंथ म्हणजे जॉन टेलर यांचा 'आफ्रिकन रायफल्स अँड कार्ट्रिजेस' (१९४८). तो पुन्हां वाचतांना जें जाणवलें तें येथें मांडतों.

टेलर हे आयर्लंडांत जन्मले व त्यांचें शिकारी आयुष्य मुख्यतः पोर्तुगीज पूर्व आफ्रिकेंत गेलें. त्यांच्या लेखनांत ऐकीव माहितीचा वास नाहीं, हा मोठा गुण होय. परंतु त्यांचें नांव टिकलें तें एका सूत्रामुळें. गोळीचें ग्रेनमधील वजन, सेकंदास फुटांत मोजलेला वेग व इंचांतील व्यास हीं तिन्ही गुणावीं, आणि गुणाकारास ७००० नें भागावें; जो अंक येईल तो त्या गोळीचा 'आघात-अंक'. या हिशेबानें १८० ग्रेनची, २७०० फूट वेगाची .३०-०६ ची गोळी सुमारें २१ वर येते, आणि ३०० ग्रेनची, २५०० फूट वेगाची .३७५ ची गोळी ४० वर. साधा वाचक म्हणेल, दुसरी पहिलीच्या दुप्पट चांगली. मग कुडू-झेब्र्यांसाठीं तीच कां न न्यावी?

येथेंच आमचा आक्षेप आहे. हा अंक प्राण घेण्याच्या शक्तीचें माप नव्हे, हें टेलर यांनीं स्वतः मान्य केलें आहे. त्यांच्या डोळ्यांपुढें हत्तीसारखें अवजड जनावर व त्यास बसणारा धक्का होता. परंतु ग्रंथकाराची सावधगिरी वाचकानें सोडून दिली आणि कोष्टक तेवढें उचललें. त्याच कोष्टकांत वॉल्टर बेल यांची ७ मिलिमीटरची गोळी बसवून पाहिली तर अंक जेमतेम १६ भरतो. आणि बेल यांनीं मारलेल्या हजाराहून अधिक हत्तींपैकीं बहुतेक याच लहान काडतुसानें पडले. तेव्हां लहान बंदूक सर्वांस पुरे असा याचा अर्थ कोणी काढूं नये. हत्तीच्या कवटींत मेंदू कोठें असतो हें बेल यांस बिनचूक ठाऊक होतें, एवढाच त्याचा अर्थ. उलट .३७५ चा खांद्यास बसणारा धक्का .३०-०६ च्या सुमारें दुप्पट असतो; नवशिका त्या धाकानें घोडा ओढतांना डोळे मिटतो, आणि मग चाळिसाचा अंक जनावराच्या पोटांत जातो.

दुसरी उणीव याहून गंभीर आहे. या सूत्रांत गोळी कशाची बनली आहे यास स्थानच नाहीं. कलकत्त्याजवळच्या डमडम येथें १८९६ च्या सुमारास टोंक उघडें ठेवलेली, शरीरांत शिरतांच पसरणारी गोळी तयार झाली. १८९९ च्या हेग परिषदेनें युद्धांत अशा गोळ्यांस क्रूर म्हणून बंदी केली. शिकारींत मात्र न्याय उलटा आहे. पूर्ण कवचाची गोळी हरणांतून सुईसारखी आरपार जाते, आणि तें बिचारें कोसभर पळून झुडुपांत तळमळत मरतें. पसरणारी गोळी फुप्फुसांत बसली तर तें थोड्याच पावलांवर कोसळतें. रणांगणावरील क्रूरता ती येथें दया ठरते. तथापि पातळ कवचाची वेगवान गोळी जवळून खांद्याच्या हाडावर आदळली तर वरच्यावर फुटून जाते. पन्नास किलोंचा इंपाला व अडीचशे किलोंचा कुडू एकाच फेरींत भेटावयाचे असतील, तर गोळी पसरली पाहिजे आणि अभंगही राहिली पाहिजे.

हा पेंच सोडविणारा मनुष्य टेलर यांचा समकालीनच होता. १९४६ मध्यें कॅनडांत जॉन नॉस्लर या अमेरिकन शिकाऱ्याच्या गोळ्यांनीं एक मूस पडेना. त्यानें मोठी बंदूक घेतली नाहीं. गोळी कां हरली हें विचारलें. शिशाचे दोन भाग व त्यांमध्यें तांब्याच्या धातूची आडभिंत अशी त्याची गोळी १९४८ मध्यें, म्हणजे टेलर यांच्या ग्रंथाच्याच वर्षीं, बाजारांत आली. पुढचा भाग पसरतो, मागचा अभंग राहून खोल जातो. एकानें बंदुकीकडून जनावराकडे पाहिलें, दुसऱ्यानें जनावराकडून गोळीकडे. आमच्या मतें दुसऱ्याची दृष्टि खरी.

अंक अगदींच निरुपयोगी आहेत असें आमचें म्हणणें नाहीं. नामिबियाच्या कायद्यानें स्प्रिंगबकसाठीं १३५० व कुडूसारख्या जनावरांसाठीं २७०० जूल ही किमान शक्ति ठरविली आहे, तें योग्यच आहे. परंतु किमान म्हणजे पुरेसें नव्हे. हेमिंग्वे यांच्या 'ग्रीन हिल्स ऑफ आफ्रिका' (१९३५) मध्यें .३०-०६ सारखी समर्थ बंदूक हातीं असूनही एक सेबल नर घायाळ होतो, माग निघत नाहीं, आणि लेखकास त्याची टोंचणी लागते. तीं थोडीं पानें आम्हांस कोष्टकांहून अधिक शिकवून गेलीं. आपल्या वाचकांस तर हें शिकविण्यास परका ग्रंथही नको: दशरथाचा बाण शक्तींत उणा नव्हता, लक्ष्य न पाहतां सुटला एवढाच त्याचा दोष, आणि तेवढ्यानें श्रावण गेला.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे ही चर्चा केवळ वाचनाची राहिली आहे, आणि रेहेकुरीच्या माळावर काळवीट निर्भय चरतांना पाहून आम्हांस त्याचा आनंदच वाटतो. परंतु ज्यांस परदेशीं जाऊन ही हौस करावयाची आहे, त्यांस एक प्रथा सांगून ठेवतों. आफ्रिकेंत पुष्कळ ठिकाणीं जनावर घायाळ होऊन हरवलें तरी त्याचें पुरें मोल भरावें लागतें. रक्ताचा थेंब दिसला कीं हिशेब लागू झाला. काडतुसांच्या कोष्टकांत वजन, वेग, व्यास यांचे रकाने असतात. घायाळ होऊन निसटलेल्या जनावरांचा रकाना आम्हांस कोठेंच आढळला नाहीं. टेलर यांच्या ग्रंथांतील उणीव ती हीच. आणि तो रकाना स्वतःच्या मनांत आंखून मगच जो काडतूस निवडील, त्याची निवड सहसा चुकणार नाहीं.